किट लेन्समधलं मृग नक्षत्र

आकाशाचे फोटो काढायला लाखाची लेन्स लागते असं काही नाही हो. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स, ट्रायपॉड आणि अमावास्येच्या आसपासची रात्र, बास! १८ मिमी, एफ ३.५, आयएसओ १६००, शटर १५ सेकंद. जास्त ताणलं की ताऱ्यांच्या रेघा होतात, पृथ्वी थांबत नाही ना! ऑटोफोकस बंद; व्याध स्क्रीनवर मोठा करून अगदी टिंबाएवढा होईपर्यंत रिंग फिरवायची.

अडचण अंधाराची. राजगडाच्या पायथ्याहूनही ईशान्येला पुण्याचा उजेड फोटोत येतोच. गेल्या हिवाळ्यात बाबांना तिथे नेलं. मोतीबिंदूमुळे त्यांना मृगाच्या तीन चांदण्याच कशाबशा दिसत होत्या. मग स्क्रीनवर झूम करून त्यांच्याखालचा तेजोमेघाचा गुलाबी ठिपका दाखवला. "आपल्या अंगणातून हा नुसत्या डोळ्यांनी दिसायचा रे," म्हणाले. त्या अंगणासमोर आता एलईडीचा खांब आहे.