शेजारीण पाहुणी झाली

पाहुणा म्हटला की आपल्याकडे दोन दिवस कौतुक आणि तिसऱ्या दिवशी कपाळाला आठी! आमच्या घरी मात्र उलटा प्रकार. पाहुणा आला नाही तर आम्हांला काळजी पडते, कारण पाहुणे हाच आमचा धंदा. अमेरिकेच्या दक्षिणेला, मिसिसिपी नदीच्या वळणावर न्यू ऑर्लिन्स शहर आहे. तिथल्या मॅरिनी भागात आम्ही छोटंसं गेस्ट हाऊस चालवतो. तीन खोल्या, सकाळचा नाश्ता आणि मागच्या अंगणात चार खुर्च्या. साताऱ्याच्या आत्याबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे एवढं लांब जाऊन खानावळच काढलीस की!"

इथली जुनी घरं लाकडी, अरुंद आणि लांबलचक. एकीमागे एक खोल्या, मधे बोळ नाही. पुढच्या दारातून गोळी झाडली तर थेट मागच्या दारातून बाहेर पडेल, म्हणून त्यांना म्हणे 'शॉटगन' घरं म्हणतात. आमचं जोडघर आहे. मधे एकच भिंत, अलीकडे आम्ही, पलीकडे पाहुणे. आमच्या खोल्यांतून कुणी ये-जा केली तर चालतं, पण पाहुण्यांचं तसं कसं चालेल? म्हणून त्यांच्या बाजूला कडेनं बोळ काढून घेतला. रंग म्हणाल तर एक घर जांभळं, पुढचं पोपटी, त्यापुढचं लालचुटुक. आणि प्रत्येकाच्या दाराशी, अगदी रस्त्याला लागून, दोन-तीन पायऱ्या. संध्याकाळी सगळी गल्ली या पायऱ्यांवर. आपल्या वाड्याचा ओटाच समजा ना! येणारा-जाणारा विचारतो, "व्हेअर याट?" शब्दशः 'कुठे आहेस?', पण विचारायचं असतं, 'काय, बरं आहे ना?' आमचे नवे पाहुणे बिचारे पत्ता सांगायला लागतात!

समोरच्या घरात एक आजी राहायच्या. भाड्यानं, पण चाळीस वर्षं. गल्लीतल्या लहानथोरांना त्या 'बेबी' म्हणायच्या, आमच्या ह्यांच्या टकलाकडे बघूनसुद्धा. इथला संसार मला त्यांनी शिकवला. सोमवारी लाल राजमा आणि भात करायचा, हा इथला शिरस्ता. पूर्वी सोमवार हा धुण्याचा वार. रविवारच्या जेवणातलं हाड घालून राजमा मंद आचेवर ठेवायचा आणि दिवसभर धुणं उरकायचं. मी हाडाऐवजी कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची परतून घेते, तमालपत्र घालते आणि शेवटी थोडे दाणे डावानं ठेचते. रस्सा छान दाट होतो, करून बघा. 'गंबो' नावाचं त्यांचं प्रसिद्ध कालवण आहे. ते नाव आफ्रिकेतल्या भाषांमधल्या भेंडीच्या नावावरून आलं असं सांगतात. आपण भेंडीची तार मोडतो, इथं पुष्कळदा तिच्यावरच कालवण दाट करतात!

मे महिन्यात तिन्हीसांजेला वाळवीच्या पाखरांचे थवे उठतात. लाकडी घरांना हा मोठाच धोका. मग समोरून आजींची हाक यायची, "दिवे घालवा!" आणि बघता बघता अख्खी गल्ली अंधारात. पाहुण्यांना वाटायचं, वीज गेली.

कार्निव्हलची तर तऱ्हाच वेगळी. 6 जानेवारीपासून मार्डी ग्राच्या मंगळवारापर्यंत घरोघरी जांभळ्या, हिरव्या, सोनेरी साखरेचा 'किंग केक' कापतात. आत एक इवलंसं बाळ लपवलेलं असतं. ज्याच्या तुकड्यात ते निघेल त्यानं पुढचा केक आणायचा. थोडक्यात, आपली भिशीच! त्या मंगळवारी सकाळी 'सेंट अ‍ॅन'ची सोंगं आमच्या भागातून जातात. मागे उरते ती चमकी. उशांवर, चादरींवर, चहाच्या कपातसुद्धा! गेस्ट हाऊसवाल्या बायकांची एक युक्ती सांगते: पाहुण्यांना तोंडाचा रंग पुसायला गडद रंगाचे वेगळे पंचे ठेवावेत, म्हणजे पांढरे टॉवेल वाचतात. आणि चमकीच्या चादरी आधी बाहेर झटकाव्या, मगच मशिनमध्ये घालाव्या.

पण मैत्रिणींनो, शेजार काय असतो ते कळलं 2021 मध्ये. 29 ऑगस्टला 'आयडा' वादळ आलं. बरोबर सोळा वर्षांपूर्वी, 2005 मध्ये, त्याच तारखेला 'कॅटरिना'नं शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली घातला होता. आमचा भाग नदीकाठच्या उंचवट्यावर, म्हणून बराचसा वाचलेला. आयडात पाणी नाही आलं, पण सगळ्या शहराची वीज गेली. फ्रीजमधलं वितळायला लागलं तसं आजींनी फर्मान काढलं, "जे आहे ते बाहेर आणा!" कुणी कोळशाची शेगडी आणली, कुणी कोळंबी, मी पोहे केले. सहा दिवस गल्ली एकत्र जेवली. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण कुणाच्या आजोबांचं औषध संपलंय, कुणाकडे बर्फ आहे, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

फक्त कोपऱ्यावरचं घर बंद होतं. त्याचा मालक दुसऱ्या राज्यात. दाराला आकड्यांची पेटी. पाहुणे आकडे दाबून किल्ली घेतात आणि चार दिवस राहून जातात. तिथं पायऱ्यांवर कुणी बसत नाही. कचऱ्याचा डबा रस्त्यावरच राहतो. अशी घरं आणखी झाली. 2023 मध्ये शहरानं त्यांच्यासाठीचे नियम कडक केले, पण तोवर आमच्या गल्लीत तीन दारांवर पेट्या लागल्या होत्या.

वादळानंतर घरांच्या विम्याचे हप्ते भडकले. आजींच्या मालकानं घर विकायला काढलं. दलाल आमच्याकडेच आला. म्हणाला, "तुम्हांला या धंद्याची माहिती आहे. घ्या, चार खोल्या सहज होतील." ह्यांनी रात्री हिशेब मांडला, आणि तो तोट्याचा नव्हता. मी विचारलं, "आणि आजी?" हे काही बोलले नाहीत. कर्ज काढून घर घ्यायचं, तर भाडं चौपट हवं. ते आजी कुठून देणार? आणि त्यांना काढून त्यांच्याच खोलीत मी कुणाच्या चादरी अंथरू? आम्ही नाही म्हटलं. दुसऱ्या कुणी घर घेतलं. आजी लेकीकडे ह्यूस्टनला गेल्या. जाताना राजम्याचं जाड बुडाचं पातेलं मला देऊन गेल्या.

लेक म्हणते, "आई, तुम्ही नाही म्हणून काय झालं? आजी गेल्याच ना!" खरं आहे. आमच्या नकारानं त्यांचं घर वाचलं नाही. पण आपणही पाहुण्यांच्याच जिवावर जगतो, तेव्हा कुठवर जायचं हे आपलं आपणच ठरवायला नको का? पाहुणे इथं रंगीत घरं बघायला येतात, पण पुन्हा येतात ते पायऱ्यांवर कुणीतरी बोललं म्हणून. ती माणसंच उठवली तर उरेल काय, रंग?

आता दर कार्निव्हलला आजी बसनं येतात आणि आमच्या पुढच्या खोलीत उतरतात. पैसे देण्यावरून दरवर्षी आमचं भांडण होतं. शेवटी किंग केक त्यांनी आणायचा, एवढ्यावर मिटतं. आमच्या रजिस्टरमध्ये पाहुण्यांचा पत्ता लिहावा लागतो. त्या अजून समोरच्या घराचाच लिहितात, आणि मी तो खोडत नाही.