दोन दोऱ्यांची गाठ

अब्बांचा इंतकाल होऊन दोन वर्षं झाली, तेव्हा कुठे त्यांची लोखंडी पेटी उघडण्याचं धैर्य आम्हा भावंडांना झालं. पेटीत घराचे कागद होते, एक जुना चष्मा होता आणि रुमालात गुंडाळलेलं मासे धरायचं रीळ होतं. भावांनी कागद घेतले. रीळ माझ्या मुलानं उचललं आणि विचारलं, "अम्मी, नानांचं हे मी ठेवू?"

आमचं माहेर मलकापूरचं. रविवारी फजरची नमाज पढून अब्बा मोताळा तालुक्यातल्या नळगंगेच्या धरणावर जात. अधूनमधून मलाही नेत. माझं काम ठरलेलं असे. दोरी तुटली की दोन टोकं जोडायची. अब्बांची नजर अधू झाली होती आणि माझी बोटं बारीक होती. त्यांनी मला निरगाठ शिकवली होती. डावं टोक उजव्यावर, मग उजवं डाव्यावर, आणि जोरात ओढायचं. त्यांची दोरी नायलॉनची, चार पदरी, जाड आणि बोटाला खरखरीत लागणारी. दोन्ही बाजूंना तीच दोरी असल्यामुळे ती गाठ टिकून राहायची. अब्बा म्हणायचे, "हमारी बेटी की गाँठ नहीं खुलती." हे वाक्य मी आयुष्यभर जपलं, आणि त्याचाच मला थोडा गर्वही झाला असावा.

मुलानं दिवाळीच्या सुट्टीसाठी स्वतःच्या पैशांतून नवी दोरी मागवली. तीही वेणीसारखी विणलेलीच, पण आठ पदरी आणि शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक. पाकिटात शंभर मीटर होती. अब्बांचं रीळ खोल, तेवढ्या दोरीनं ते भरेना. रीळ अर्धं रिकामं राहिलं तर गळ फेकताना दोरी त्याच्या काठाला घासते आणि लांब जात नाही. शिवाय अशी गुळगुळीत दोरी थेट धातूवर गुंडाळली की ती सगळीच्या सगळी जागच्या जागी फिरते. म्हणून खाली नानांची जुनी दोरी राहू द्यायची आणि तिच्यावर नवी जोडायची, असं त्यानं ठरवलं.

प्रश्न जोडण्याचा होता. त्यानं मोबाइलवर कुठलीशी गाठ पाहिली होती आणि ती तो मला दाखवू लागला. मी म्हटलं, "बेटा, मला शिकवू नकोस. तुझ्या जन्माआधीपासून मी हे करते आहे." आणि माझी निरगाठ मारून दिली. चांगली घट्ट ओढली. तो गप्प राहिला.

धरणातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तिथल्या माणसाला विचारून, पैसे भरून आम्ही काठावर बसलो. उन्हं चढल्यावर काठी एकदम वाकली. मासा मोठा असावा, बहुधा कटला. रीळ भराभर फिरू लागलं, नवी दोरी संपत आली, गाठ काठीच्या कड्यांतून टकटक करत बाहेर गेली आणि दुसऱ्याच क्षणी काठी सरळ झाली. रिळावर अब्बांची दोरी तेवढी उरली होती. तिचं टोक तुटलेलं नव्हतं. ते वळलेलं होतं, गाठीतून सरकून बाहेर आलेल्या दोरीचं असतं तसं.

मुलानं ते टोक पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "जाऊ दे, अम्मी," एवढंच म्हणाला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

घरी परतताना मला दोरीचं दुःख नव्हतं. मासा डोळ्यांपुढून हलत नव्हता. तोंडात गळ आणि मागे शंभर मीटर दोरी घेऊन तो पाण्यात फिरत असेल. ती दोरी कुठे बुडालेल्या झाडाला अडकली, तर त्याचं काय? ही दोरी कुजत नाही. उद्या तिच्यात एखाद्या पाणकावळ्याचा पाय गुंतेल. मासा जबह करावा लागत नाही, म्हणून त्याच्याबाबत आपलं काही कर्तव्यच नाही, असं थोडंच आहे? जनावर जबह करण्याआधी सुरीला धार लावा, त्याला नाहक यातना देऊ नका, ही शिकवण आपल्या घराघरांत मुलांना दिली जाते. गळ टाकणाऱ्याची सुरी म्हणजे त्याची गाठ. माझी सुरी बोथट होती, आणि ती पारखून पाहावी असंही मला वाटलं नाही.

सुट्टी संपल्यावर शाळेत विज्ञानाच्या सरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की नायलॉन थोडं पाणी शोषतं, ताणलं की लांबतं, म्हणून त्याची गाठ आवळून बसते. ही नवी दोरी पॉलिथिलीनची. आपल्या बादल्या आणि पिशव्या ज्या कुळातल्या, त्याच कुळातली, पण तिचे तंतू फार मजबूत असतात. ती पाणी शोषत नाही, जवळजवळ ताणत नाही आणि अतिशय निसरडी असते. नायलॉन पाण्यात बुडतं, ही तरंगते. त्यात पदरांचा फरक. चार पदरांच्या विणीला उंचसखलपणा असतो, आठ पदरांची वीण गोल आणि सपाट होते. जाड आणि बारीक, खरखरीत आणि गुळगुळीत अशा दोन दोऱ्यांत निरगाठ मारली की बारीक दोरी हळूच निसटते. ही गाठ सारख्या दोऱ्यांची आहे.

त्या संध्याकाळी मी मुलाला म्हटलं, "चूक माझी होती. तुझी गाठ दाखव."

त्यानं दाखवली ती अशी. दोन्ही दोऱ्यांची टोकं समोरासमोरून आणून एकमेकींशेजारी वीतभर ठेवायची. एका टोकाला मागे वळवून फास करायचा. मग ते टोक फासातून घालत दोन्ही दोऱ्यांभोवती वेढे द्यायचे. जाड दोरीला पाच वेढे, बारीक गुळगुळीत दोरीला आठ. टोक ओढून वेढे अलगद बसवायचे. दुसऱ्या टोकानं दुसऱ्या बाजूनं असंच करायचं. आता दोन गाठी झाल्या, आणि दोन्ही सरकणाऱ्या. त्या थुंकीनं किंवा पाण्यानं ओल्या करायच्या, कारण कोरडी दोरी घासून गरम होते आणि कमजोर पडते. मग दोन्ही मूळ दोऱ्या विरुद्ध दिशांना ओढल्या की गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात आणि तिथेच थांबतात. उरलेली टोकं कात्रीनं कापायची, पण अगदी मुळाशी नाही. तांदळाच्या दाण्याएवढी ठेवायची. काडीनं जाळायची तर मुळीच नाहीत. ही दोरी नायलॉनपेक्षा कमी उष्णतेला वितळते आणि गाठच अधू होते.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे माझं लक्ष शब्दांकडे गेलं. मराठीत सहज सुटते ती सुरगाठ आणि सुटत नाही ती निरगाठ. इथे तर दोन सरकत्या गाठी एकमेकींना अडवून पक्की गाठ तयार करत होत्या. वर्गात इतकी वर्षं हे दोन शब्द विरुद्धार्थी म्हणून शिकवले होते.

पण एकदा फसल्यावर नुसत्या दिसण्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. आम्ही मोरीतल्या खुंटीला दोरी बांधली, खाली बादली लटकवली आणि लिटरच्या मापानं पाणी ओतत गेलो. एक लिटर म्हणजे एक किलो. नव्या दोरीच्या पाकिटावर वीस पौंड लिहिलं होतं, म्हणजे नऊ किलो. हा हिशोब मुलानं केला. गाठीमुळे दोरीची ताकद कमी होतेच, म्हणून पुरे नऊ किलो पेलण्याची अपेक्षा नव्हती. माझी निरगाठ तिसऱ्या लिटरला सरकली आणि बादली धाडकन खाली आली. शेजारीण बघायला धावली. त्याची गाठ सहा लिटरला तशीच होती. बादली आम्ही रात्रभर तशीच ठेवली. सकाळी फजरला उठले तेव्हा ती जागेवर होती.

दोरीची पारख करायची तर ती हातानं ओढू नका. बारीक दोरी बोट कापते. काठीला गुंडाळून ओढा किंवा आमच्यासारखी बादली लावा. आणि कापलेले तुकडे पाण्याकाठी टाकू नका, खिशात घालून घरी आणा.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा धरणावर गेलो. संध्याकाळपर्यंत एक रोहू मिळाला, दीड किलोचा. तो फार लांब पळाला नाही, त्यामुळे दोरी गाठीपर्यंत गेलीच नाही. तरी गाठ तिथे आहे आणि पक्की आहे, एवढ्यानं मन निश्चिंत होतं.

परवा वेढे मोजत मी स्वतः ती गाठ मारून मुलापुढे ठेवली. त्यानं दिव्याजवळ नेऊन पाहिली. म्हणाला, "अम्मी, बारीक दोरीला सातच वेढे आहेत."

मी कात्री घेतली, गाठ कापली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.