चाळीस डेटाबेस, एक रॅम

शिरूर-दौंडकडच्या दूध संकलन केंद्रांचे आणि छोट्या पतसंस्थांचे डेटाबेस एकाच मशीनवर सांभाळायचे, हे माझं काम. प्रत्येकाचा पोस्टग्रेस सर्व्हर वेगळा. एका पतसंस्थेचा कालचा डेटा परत आणताना शेजारच्या डेअरीला धक्का लागता कामा नये. तेवढ्यासाठी मेमरी जास्त गेली तरी मला चालते.

पण ती उगाच जाऊ नये. पोस्टग्रेस मुळात शेअर्ड बफर्ससाठी, म्हणजे डिस्कवरून वाचलेली पानं ठेवायच्या स्वतःच्या जागेसाठी, १२८ एमबी धरतो. चाळीस सर्व्हर म्हणजे ५ जीबी, आणि एकाची जागा दुसऱ्याला मिळत नाही. लिनक्सचा कर्नल वाचलेली पानं रॅममध्ये ठेवतो, ते पेज कॅशे मात्र सामाईक. चासकमान कालव्यावरच्या शेजपाळीसारखं, ज्याची वेळ त्याला पाणी. सकाळी डेअरीची पानं तिथे येतात, अकरानंतर पतसंस्थांची. म्हणून शेअर्ड बफर्स मी ३२ एमबीवर आणले. पान पोस्टग्रेसकडे नसलं तरी कर्नलकडे बहुधा सापडतं. एक कॉपी जास्त होते, डिस्कपर्यंत जावं लागत नाही.

सकाळी संकलन केंद्रावर बघा. कॅन काट्यावर, नमुना मशीनमध्ये, फॅट, एसएनएफ, दर, की पावती बाहेर. डेटाबेसला दोन-तीन नोंदी शोधायच्या आणि एक लिहायची. एवढ्याला ३२ एमबी पुष्कळ.

खरी गळती कनेक्शनमध्ये. प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस. ती रिकामी बसली तरी टेबलांची माहिती स्वतःच्या मेमरीत धरून ठेवते. सॉफ्टवेअर सकाळी कनेक्शन उघडतं आणि बंद करायचं नाव घेत नाही. मी कमाल संख्या १०० वरून २० केली. आवृत्ती १४ पासून रिकामं सेशन ठरावीक वेळाने तोडताही येतं, पण सॉफ्टवेअर पुन्हा जोडून घेतं का, ते आधी तपासावं. आणि मेमरी मोजताना प्रत्येक प्रोसेसच्या आरएसएस या आकड्याची बेरीज करू नये, त्यात सामाईक मेमरी प्रत्येक प्रोसेसमागे पुन्हा मोजली जाते. पीएसएस हा आकडा ती वाटून धरतो.

आणखी रॅम घाला, हे सांगणं सोपं आहे. पण तो खर्च फिरून ठेवीदारावर आणि दूध घालणाऱ्यावरच येतो, म्हणून मला ते पटत नाही.

अडचण ३१ मार्चची. त्या दिवशी सगळ्याच पतसंस्थांना व्याज आकारणी हवी असते. वर्क मेम, म्हणजे सॉर्टसारख्या कामासाठीची मेमरी, प्रत्येक सॉर्टमागे वेगळी लागते, त्यामुळे ती सरसकट वाढवणं धोक्याचं. मेमरी संपून कर्नलने एक प्रोसेस मारली, तर पोस्टग्रेस त्या सर्व्हरची सगळी कनेक्शनं तोडतो. म्हणून ४ एमबीची मर्यादा तशीच ठेवून, आकारणीच्या सेशनपुरती ६४ करतो आणि संस्था एकामागून एक घेतो, संध्याकाळचं दूध यायच्या आत.