धक्का कुठवर गेला?

ग्लायडर जोरात आपटलं की माणसं आधी चाक बघतात. टायर बसलाय का, रिम वाकलीय का, नाकाखालची घसरपट्टी, म्हणजे स्किड, तडकलीय का. बघायलाच हवं ते, पण लाकडी ग्लायडरचं चाक बघून जो थांबला त्यानं तपासणी केलीच नाही असं मी मानतो. चाक धक्का घेतं आणि पुढे पाठवतं. चाकाच्या आसातून तो चाकपेटीच्या लाकडी भिंतींत शिरतो, तिथून मुख्य फ्रेममध्ये, फ्रेमवरून पंख जोडणाऱ्या पोलादी फिटिंगमध्ये आणि फिटिंगच्या बोल्टांमधून पंखाच्या स्पारमध्ये, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या मुख्य तुळईत. धड जमिनीवर थांबतं, पंख मात्र अजून खाली निघालेले असतात, म्हणून त्यांची टोकं झुकतात. सगळा प्रकार डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. आम्हा देखभाल करणाऱ्यांचं काम त्यानंतर सुरू होतं.

यात एक गोष्ट मला नेहमी थांबून विचार करायला लावते. उडताना पंख वर वाकतो. म्हणजे स्पारची वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते. स्प्रूसचं लाकूड रेषांच्या दिशेनं जेवढा ताण सोसतं, त्याच्या साधारण निम्मा दाब सोसतं. म्हणून बहुतेक लाकडी स्पारमध्ये वरची पट्टी जाड असते आणि खालची तिच्या मानानं बारीक. हे शहाणपणाचंच आहे, वजन वाचतं. पण ग्लायडर आपटलं की पंख खाली वाकतो आणि दाब येतो तो नेमका बारीक पट्टीवर. जी पट्टी एरवी ताण सोसत आलेली, तिला एकदम दाब सोसावा लागतो. मर्यादेत असेल तर ती सोसते. मर्यादेबाहेर गेलं तर लाकडाचे तंतू आडवे चुरगळतात, आणि केसासारखी एक सुरकुती रेषांना काटकोनात उमटते.

ही सुरकुती समोरून टॉर्च मारून दिसत नाही. तपासणीच्या झाकणातून हात आत घालून टॉर्च स्पारला जवळजवळ टेकवायची आणि उजेड लाकडाच्या रेषांच्या दिशेनं सरपटत पाठवायचा. मग सपाट वाटणाऱ्या लाकडावर बारीक सावली पडते. बोल्टच्या भोकांजवळ, मजबुतीसाठी लावलेला जोडतुकडा जिथे संपतो तिथे, म्हणजे जिथे जिथे जाडी अचानक बदलते तिथे, आधी बघायचं. एकदा माझ्या हाताखालच्या मुलानं असंच बघितलं आणि म्हणाला, ‘सर, काही नाही, नुसतं वार्निश तडकलंय.’ मी त्याला म्हटलं, ‘वार्निश कशानं तडकलं ते बघ.’ वार्निशची भेग रेषांच्या दिशेनं असती तर म्हातारपण म्हणून सोडून दिली असती. ती आडवी होती. वार्निश खरवडल्यावर खाली लाकडावर तीच आडवी रेघ निघाली. ते ग्लायडर त्या हंगामात परत उडालं नाही, आणि त्या मुलाला तेव्हापासून टॉर्च कशी धरायची हे कधी सांगावं लागलं नाही.

धातूचं विमान या बाबतीत बोलकं असतं. सेस्ना नाकाच्या चाकावर आपटलं की चाक पुष्कळदा ठीक दिसतं, पण इंजिनामागची फायरवॉल चुरमडते. कातडी ताणली जाते, रिव्हेट हलायला लागले की त्यांच्याभोवती काळा धुरकट डाग पसरतो. ॲल्युमिनियम दुखणं अंगावर काढत नाही. लाकूड काढतं. वरून प्लाय, प्लायवर कापड, कापडावर डोपचा लेप आणि रंग. आत काय चाललंय याचा बाहेर मागमूस नसतो. म्हणूनच लाकडी विमानाची देखभाल ही माझ्या मते डोळ्यांपेक्षा विचारानं करायची गोष्ट आहे. धक्का कुठून आला आणि कुठवर गेला असेल, हे आधी मनात चालून बघायचं आणि मग त्याच वाटेनं टॉर्च घेऊन जायचं.

धक्क्यासारखंच पाणीही वाट काढत आत जातं, आणि लाकडाचा जास्त घात पाण्यानंच केलेला आहे. ३१ मार्च १९३१ ला अमेरिकेत कॅन्ससमध्ये फोकर एफ-१० हे प्रवासी विमान पंख तुटून पडलं. नोटर डेम विद्यापीठाचे प्रसिद्ध फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी त्यात गेले. पंख लाकडी होता; आत ओल शिरून ग्लूचे जोड निकामी झाले होते, आणि वरून प्लायनं झाकलेल्या त्या पंखाच्या आत सहज बघता येत नव्हतं. लाकडी प्रवासी विमानांवरचा लोकांचा विश्वास तिथे उडाला आणि विमान कंपन्या धातूकडे वळल्या.

आपल्याकडची गोष्ट त्याच्या पुढच्याच वर्षीची. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी पस मॉथ विमानातून कराचीहून मुंबईला, जुहूला टपाल आणलं. पस मॉथचं धड पोलादी नळ्यांचं, पण पंख लाकडी आणि वर कापड. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जाई, म्हणून पावसाळा आला की टाटांची विमानं, वैमानिक आणि मेकॅनिक पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलत. हा प्रसंग वैमानिकांच्या बाजूनं पुष्कळदा सांगितला जातो. मला त्यातले मेकॅनिक दिसतात. समुद्रकाठची खारी हवा, वर कोकणातला पाऊस, आणि लाकडी पंखांची जबाबदारी. त्यांच्या कामाचा तपशील फारसा कुणी लिहून ठेवला नाही याची मला मनापासून खंत वाटते.

मग १९४४. डी हॅविलँड मॉस्किटो, बर्चच्या प्लायमध्ये बाल्सा घातलेलं, सगळं लाकडाचं झुंजार विमान, महायुद्धात भारतात आलं. इथे काहींचे पंख हवेत तुटले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात भारतातली मॉस्किटो जमिनीवर बसवली गेली. पहिला संशय इथल्या उष्ण, दमट हवेवर आणि ग्लूवर. मॉस्किटोत आधी दुधातल्या केसीनचा ग्लू वापरत, तो ओलीत बुरशीला बळी पडतो. नंतर कृत्रिम युरिया-फॉर्मल्डिहाइड ग्लू आला. पण तपास खोलात गेला तेव्हा कारखान्यातच काही जोड नीट न बसल्याचं, मध्ये फटी राहिल्याचं समोर आलं. पंखाच्या जोडावर बाहेरून पट्टी चढवून दुरुस्ती काढण्यात आली. हवेनं दोष जन्माला घातला नव्हता, आधीचा दोष उघडा पाडला होता. आमच्या पावसाळ्याबद्दलही माझं हेच मत आहे. चांगल्या जोडाला तो सहसा काही करत नाही. हलगर्जीपणे केलेल्या जोडाला सोडत नाही.

आपल्या देशात लाकडी ग्लायडरांची स्वतःची परंपरा आहे. एस. राममृतम यांचं रोहिणी १९६१ मध्ये उडालं. शिकणारा आणि शिकवणारा त्यात शेजारी शेजारी बसतात. त्या पिढीच्या ग्लायडरांवर काम करताना मी पाण्याबद्दल एकच प्रश्न विचारायला शिकलो: हे ग्लायडर उभं असताना कुठला पंख खाली टेकलेला असतो? ग्लायडरला पोटाखाली एकच चाक असतं, त्यामुळे उभं करताना एक पंख जमिनीला टेकतोच. हँगरच्या सोयीनं तो नेहमी एकाच बाजूचा असतो. मग आत शिरलेलं, साठलेलं, पहाटेच्या गारव्यानं ठिबकलेलं सगळं पाणी त्याच पंखाच्या टोकाकडे आणि मागच्या कडेकडे ओघळतं. तिथलं निचऱ्याचं भोक रंगानं बुजलं असेल किंवा गांधीलमाशीनं मातीनं लिंपलं असेल, तर पाणी तिथेच मुरतं. धडाच्या बाबतीत शेपटीचं टोक, कारण ते सगळ्यात खाली असतं. म्हणून पावसाळा संपल्यावर झाकणं उघडली की आधी काही बघायचं नाही, आधी वास घ्यायचा. कोरड्या पंखाला वार्निशचा आणि जुन्या लाकडाचा स्वच्छ वास येतो. कुबट वास आला की सगळं काम बाजूला ठेवून तो कुठून येतोय ते शोधायचं.

मग ठोकून बघणं. एक नाणं घ्यायचं आणि प्लायवर टकटक करत रिबमागून रिब, म्हणजे पंखाच्या बरगडीमागून बरगडी, पुढे जायचं. रिबवर आवाज टणक येतो, दोन रिबांच्या मध्ये पोकळ, दोन्ही बरोबर. रिबवर आवाज बद्द आला तर प्लाय रिबपासून सुटलंय किंवा लाकूड कुजलंय. नाणी बदलली, पण कान बदलत नाही. फिटिंगच्या बोल्टांचं वेगळंच असतं. उन्हाळ्यात लाकूड सुकून आडवं आकसतं आणि पावसाळ्यात घट्ट वाटलेला बोल्ट मे महिन्यात सैल होतो. नवशिका तो करकचून आवळतो आणि वॉशरखाली लाकूड चेपतो. थोडाच आवळावा, आणि सैल पडलेल्या बोल्टाचं भोक लांबट झालंय का ते बघावं.

जोड नव्यानं करायचा असेल तर दुरुस्तीचा खरा वेळ ग्लू लावण्यात जात नाही, पृष्ठभाग तयार करण्यात जातो. प्लायचा तिरका जोड एकास बारा, म्हणजे दीड मिलिमीटरच्या प्लायला अठरा मिलिमीटर उतार. स्प्रूसला धारदार रंधा. सँडपेपरनं भुसा लाकडाच्या छिद्रांत बसतो आणि ग्लू आत शिरत नाही. रिसॉर्सिनॉल ग्लू असेल तर निदान २१ अंश सेल्सिअस तापमान लागतं, पुण्याच्या डिसेंबरात हँगर गरम केल्याशिवाय ते जमत नाही. आणि ग्लूच्या प्रत्येक मिश्रणाबरोबर एक नमुना करायचा: त्याच लाकडाचे दोन तुकडे त्याच ग्लूनं, त्याच वेळी जोडायचे. दुसऱ्या दिवशी ते मोडायचे. तुकडा लाकडात फाटला, म्हणजे ग्लूच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू चिकटून आले, तर जोड पक्का. ग्लूच्या थरातून गुळगुळीत सुटला तर विमानावरचा जोडही तसाच, कितीही सुबक दिसला तरी. तो कापून पुन्हा करायचा. तो नमुना हातात घेऊन फाटलेले तंतू बघताना मला दर वेळी समाधान वाटतं. या कामात इतका स्वच्छ पुरावा फार कमी ठिकाणी मिळतो.

आता परत चाकाकडे, कारण पाणी आणि धक्का दोघांचीही वाट चाकपेटीतून जाते. पावसानंतर काळ्या मातीच्या धावपट्टीवर उतरलेल्या ग्लायडरचं चाक ती माती गवतासकट पेटीत फेकतं. माती लाकडी भिंतीला चिकटून आठवडाभर ओल धरून बसते. ब्रेकची धूळ तिच्यात मिसळते. कुजलेली फ्रेम मला वरच्या भागात क्वचित सापडली आहे. चाकपेटीच्या मागच्या कोपऱ्यात पुष्कळदा. म्हणून संध्याकाळी उड्डाणं संपली की चाकपेटी ओल्या फडक्यानं नव्हे, कोरड्या ब्रशनं साफ करायची, हा माझ्या हाताखालच्यांसाठी नियम आहे.

ब्रेक साधे असतात, पण त्यांचा परिणाम लाकडावर होतो. बऱ्याच ग्लायडरांत एअरब्रेकचा दांडा शेवटपर्यंत ओढला की केबलनं चाकाचा ब्रेक लागतो. केबल गंजून अडखळली तर ब्रेक लागत नाही, किंवा लागला तर एकदम पकडतो. एकदम पकडला की नाक खाली येऊन स्किड जमिनीवर आदळते आणि तोच धक्का पुढच्या फ्रेममध्ये जातो. त्यामुळे ब्रेक ‘कडक’ हवा असा हट्ट धरणाऱ्याचं मी ऐकत नाही. तो हळूहळू लागायला हवा.

सेस्नावर पायाखालचा ब्रेक मऊ, स्पंजासारखा लागला की आत हवा शिरलेली असते. ती खालून वर, कॅलिपरकडून तेल चढवून काढावी. तेल लालसर खनिज हायड्रॉलिक तेलच हवं. गाडीच्या दुकानातला ब्रेकऑइलचा डबा हँगरमध्ये येऊच द्यायचा नाही, त्यानं रबरी सील फुगून खराब होतात. क्लीव्हलँड ब्रेकचं पॅड ०.१ इंचाखाली गेलं की बदलायचं. टायर आणि रिमवर मिळून एक लाल रेघ मारलेली असते. ती दोन तुकड्यांत सरकलेली दिसली म्हणजे टायर रिमवर फिरलाय, आणि आतल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह पिळवटला असणार. दोन भागांच्या रिमचे बोल्ट हवा पूर्ण सोडल्याशिवाय उघडायचे नाहीत. हे मी पहिल्या दिवशीच सांगतो आणि पाठ करून घेतो, कारण हवा भरलेली रिम उघडताना जीव जाऊ शकतो.

एवढं सगळं हातात असूनही मी ज्यावर सर्वांत जास्त अवलंबून असतो ती गोष्ट माझ्या हातात नसते. ग्लायडर आपटलं हे मला कळायला हवं. तरुण वैमानिकाला ते सांगायची लाज वाटते, त्यातून परीक्षेच्या आधीचे दिवस असले तर जास्तच. म्हणून शिकायला येणाऱ्या दर तुकडीला पहिल्या दिवशी हँगरमध्ये बोलावून मी चाकापासून स्पारपर्यंतची वाट हातानं दाखवतो. जो येऊन म्हणतो, ‘सर, मघाशी जरा जोरात बसलं,’ त्याला कुणी रागावायचं नाही, हे मुख्य प्रशिक्षकांशी आमचं ठरलेलं आहे. त्याला मी एवढंच विचारतो: सपाट बसलं की तिरकं, कुठला पंख आधी खाली गेला, स्किड लागली का, ब्रेक धरला होता का. उत्तरं लॉगबुकात उतरवतो. मग पंख उतरवायला माणसं बोलावतो, चाकपेटीपासून सुरुवात करतो.