ऐकणारी तार

१९८४-८५ साली केंद्र सरकारने 'क्लास' प्रकल्पाद्वारे देशातील निवडक शाळांना 'बीबीसी मायक्रो' संगणक पुरविले. अकोल्यातील माझ्या शाळेतही ते आले. त्या खोलीला मात्र सदैव कुलूप असे. आत कोणी जायचे याची यादी लागे; तीत आमच्या वस्तीतील एकही नाव कधी आले नाही. शिवायचे नाही अशा वस्तूंच्या आमच्या पूर्वापार यादीत आणखी एकीची भर पडली.

पुढे इतिहासाची शिक्षिका होऊन मी अमरावतीस, आपल्या शाळेत आले. काही वर्षांपूर्वी अकोल्यात भंगाराच्या दुकानात तेच यंत्र दिसले आणि पाय थबकले. ३२ किलोबाइट स्मृतीचे ते यंत्र मी विकत घेतले. कपाटात ठेवण्यासाठी नव्हे, मुलांच्या हाती देण्यासाठी.

संगणकावरील एक आद्य सूचनाफलक फेब्रुवारी १९७८ मध्ये शिकागो येथे वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस यांनी सुरू केला. आपल्या कार्यालयातील जुन्या संगणकावर तसाच फलक चालवून ग्रंथालयातील या यंत्रापर्यंत सिरियल तार ओढायचे आम्ही ठरविले. तीत एक धागा बोलण्याचा, एक ऐकण्याचा, एक सामाईक. मी बोलण्याचा धागा पलीकडच्या बोलण्याच्याच धाग्याला जोडला. पडदा कोराच राहिला. वर्गात कधी तोंड न उघडणारी नववीतील एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, दोघंही बोलून राहिले, आयकून कोणीच नाही राहिलं."

धागे उलटसुलट जोडले. अक्षरे उमटली, पण अर्थहीन. दोन्हीकडचा वेग १२०० बॉड असा समान केला, तेव्हा कुठे त्यांचे शब्द झाले.

पहिला निरोप त्याच मुलीने लिहिला. यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून मराठी रोमन अक्षरांत: वसतिगृहातील दिवे साडेनऊला बंद होतात, आम्हाला दहापर्यंत वाचायचे आहे. त्या आठवड्यापासून दिवे दहापर्यंत जळू लागले.

३१ जानेवारी १९२० हा 'मूकनायक'च्या आरंभाचा दिवस मी वर्षानुवर्षे शिकवीत आले. मुक्यांना वाचा मिळाली, असे सांगत आले. पलीकडे कोणीतरी ऐकावेही लागते, हे मला त्या मुलीने शिकविले.

यंत्र आजही ग्रंथालयात आहे. माजी विद्यार्थ्यांनी यावे, कळांवर बोटे ठेवावीत. खोलीला कुलूप नाही.