चार वाट्या, पाच मुले

सफाळ्याहून एस.टी.ने दातिवऱ्यास उतरले की वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास सामोरा येतो. वैतरणेच्या मुखाशी वसलेल्या या गावी एका स्नेह्यांकडे आम्ही गेलो होतो. त्यांच्या नातीला पोहोचविण्याच्या निमित्ताने तेथील एका अंगणवाडीत पाऊल पडले आणि ती सकाळ आम्हांला बरेच काही शिकवून गेली.

“या आठवड्यात मुलांना काय शिकवता?” आम्ही सहज विचारले.

“वाचनात ‘म’ आणि गणितात पाच,” ताई म्हणाल्या.

आम्ही मनातून खट्टू झालो. आठवडाभरात एक अक्षर आणि एक संख्या! शहरात राहणारी आमची चार वर्षांची नात तर शंभरापर्यंतचे अंक इंग्रजीत घडाघडा म्हणते.

पाटीपेन्सिल कोणाच्याच हाती नव्हती. ताईंनी ‘म’ने सुरू होणारे शब्द विचारले. मासा, मीठ, माय, मचवा अशी नावे आली. एक मुलगा मोठ्याने म्हणाला, “बोंबील!” सारी हसली, ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी त्याला ‘म’ आणि ‘ब’ सावकाश म्हणावयास सांगितले. दोन्ही वेळा ओठ मिटतात, हे त्या पोराने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून शोधून काढले. त्यानंतरच वाळूच्या थाळीत ‘म’ गिरविला गेला. कान तयार झाल्यावर डोळा आणि डोळ्यानंतर हात, हा तो क्रम.

मग खिचडीची वेळ झाली. ओळीत पाच मुले बसली होती. वाढणाऱ्या मुलीने प्रत्येकापुढे एकेक वाटी ठेवली. शेवटचा मुलगा रिकामा राहिला. ती क्षणभर थबकली, “आणखी एक” म्हणाली आणि धावत जाऊन एकच वाटी घेऊन आली. ताई आमच्याकडे वळून म्हणाल्या, “हेच आमचे पाच.”

आम्ही निरुत्तर झालो. महिन्यापूर्वीच आम्ही नातीला चार चमचे आणावयास सांगितले होते. तिने मूठभर आणले होते. तिला शंभर म्हणता येत होते, चार ठाऊक नव्हते.

मराठी मुलाची वाट तशीही बिकटच. आपण लिहितो २१, म्हणजे आधी दोन. म्हणतो मात्र ‘एकवीस’, म्हणजे आधी एक. ‘एकोणतीस’ म्हणताना तर तिसातून एक वजा करावा लागतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी जोड दिली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढे वादळ उठले! कोणती बाजू खरी, हा वाद बाजूला ठेवू. पण मोठ्यांना सवयीने सोपे झालेले लहानांना सोपे नसते, एवढे त्यातून कळावे.

हे कळलेली माणसे आपल्याच जिल्ह्यात होऊन गेली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी आयुष्यभर ते सांभाळले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, असे त्यांनी मानले. अंगणवाडी त्यातूनच उपजली. शिंपले, बिया, पाने हीच त्यांची साधने. त्यांना प्रेरणा देणाऱ्या मारिया माँटेसरी आपल्याच धर्मपरंपरेतील. रोममध्ये गरीब कामकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांचे पहिले बालगृह उघडले ते ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी. दूरवरून आलेले ज्ञानी ज्या दिवशी एका बालकापुढे नतमस्तक झाले, तो हा दिवस.

आम्ही मात्र बालकापुढे कधी वाकलो नाही. तिसऱ्या वर्षीच नातीला नावाजलेल्या शाळेत घालावे, हा हट्ट आमचाच होता. रविवारी मिस्साहून परतताना तिचे पोट दुखू लागे. आम्ही त्याला लाड म्हणत असू. पोट खरेच दुखत होते, हे आम्हांला दातिवऱ्यात उमगले.

परतल्यावर तिला घेऊन आम्ही ताटे मांडावयास बसलो. पाच माणसे होती, तिने चार वाट्या ठेवल्या. सांगण्यासाठी आमचे तोंड उघडले होते, ते आम्ही मिटले आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने ती उठली आणि स्वयंपाकघराकडे गेली.