प्रभूची प्रार्थना आणि ४० हजार रुपये

आम्हा ख्रिस्ती लोकांची एक प्रार्थना आहे. येशूने आपल्या शिष्यांना ती शिकवली, म्हणून तिला प्रभूची प्रार्थना म्हणतात. लहानशीच आहे. पाठ असलेला माणूस बैल जुंपता जुंपता म्हणून मोकळा होतो. तिच्यात आधी रोजची भाकर मागितली आहे आणि भाकरीच्या पाठोपाठ लगेच कर्जाचा विषय निघाला आहे. आम्ही आमच्या देणेकऱ्यांना देणे सोडले, तसे देवा, तू आमचे सोड, असा त्या मागणीचा अर्थ. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या जागी पाप हा शब्द नाही, सरळ ऋण हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही देणे असाच होतो, असे आमच्या पाळकसाहेबांनी मला सांगितले.

शेतकऱ्याच्या कानाला हा शब्द कसा लागतो ते वाचकांना सांगायला नको. २००८ ची कर्जमाफी आपण पाहिली, २०१७ साली नवरा-बायकोने जोडीने बसून ऑनलाइन अर्ज भरले, २०१९ च्या डिसेंबरात पुन्हा कर्जमुक्ती जाहीर झाली. त्या दिवसांत आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्याने भक्ती संपल्यावर मला बाजूला घेतले. मी शेतीखात्यातला, म्हणजे त्याच्या लेखी सगळ्या याद्या माझ्या खिशात. तो हळूच म्हणाला, “सायेब, प्रार्थनेतली ही माफी थकबाकीदारालाच हाय, का येळेवर भरणाऱ्यालाबी?” मी हसलो. पाळकसाहेबही हसले. पण त्याचे उत्तर आम्हा दोघांनाही देता आले नाही.

हसलो खरा, पण ती ओळ मला त्याच सुमारास टोचायला लागली होती. कारण माझा देणेकरी माझ्यापुढे दोनच बाकांवर बसत असे.

तो माझा थोरला चुलतभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो. २०१८ चा दुष्काळ पडला, तेव्हा त्याच्या एकराच्या डाळिंबाला पाणी पुरेना. बोअर घ्यायचे ठरले. त्याने माझ्याकडून ४० हजार रुपये उसने नेले. कागद नाही, साक्षीदार नाही. बोअरची जागा दाखवायला पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो बांधाबांधाने फिरला आणि एका जागी नारळ उभा राहिला. ख्रिस्ती घर, म्हणून वहिनीने आधी प्रार्थना केली आणि मग पाणाड्याला चहा दिला. दोन्हीकडचा वशिला हाताशी असावा! मी बी. एस्सी. ॲग्री. झालेला माणूस. नारळाने पाणी सापडत नाही हे मला ठाऊक होते. पण सगळे घर आशेने बघत होते, म्हणून मीही गप्प उभा राहिलो. ४०० फूट खाली गेले आणि नुसता फुफाटा वर आला. नारळ उभा राहिला तो राहिलाच.

त्यानंतर दादा मला चुकवू लागला. आधी पुढून दुसऱ्या बाकावर बसायचा, तो मागच्या दाराशी बसू लागला. पाळकसाहेबांनी आशीर्वादाला हात वर केला की हा चपला शोधायला बाहेर. दिवाळी गेली, नाताळ गेला. पैशाचा विषय त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही. मात्र दर रविवारी ती ओळ आली की माझी मान आपोआप मागे वळायची. “आम्ही सोडले आहे” असे तोंडाने म्हणायचे आणि डोळ्यांनी वसुली करायची, असा माझा कार्यक्रम वर्षभर चालला.

शिकलेल्या माणसाची एक खोड असते. मन खाऊ लागले की तो हिशोब करायला बसतो. बायबलात एका चाकराचा दाखला आहे. त्याचे राजाकडे १० हजार तालांतांचे देणे होते, ते राजाने सोडले. बाहेर पडताच या गड्याने १०० दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरला. दिनार म्हणजे मजुराचा एक रोज आणि तालांत म्हणजे साधारण ६ हजार दिनार. आजचा रोज ४०० रुपये धरला, तर १०० दिनारांचे होतात ४० हजार रुपये. आकडा पाहून मी पेन्सिल खाली ठेवली. उरलेले गणित नंतर केले. राजाने सोडलेले देणे २ हजार ४०० कोटींच्या घरात जाते.

जुन्या करारात तर याहून अवघड प्रकरण आहे. दर सातव्या वर्षी जमीन पड ठेवायची आणि त्याच सातव्या वर्षी भाऊबंदांचे कर्जही सोडायचे, असा इस्राएल लोकांना नियम होता. जमिनीला विसावा द्यावा हे मी गावोगाव सांगत फिरलो आहे. माणसालाही तो लागतो हे ध्यानात आले नव्हते. आणि नियम करणाऱ्याला सावकाराचे मन पुरते माहीत होते. सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला देताना हात आखडू नका, अशी ताकीदही तिथेच दिली आहे. माझे सहावे वर्ष चालू होते.

त्या वर्षी हंगामाचा सण आला. हा आमच्याकडचा मोठा गमतीचा दिवस. पीक घरात आले की ज्याने त्याने आपल्या शेतातले काहीतरी चर्चमध्ये आणून ठेवायचे. बाजरीची कणसे, भोपळे, कांदे, गावरान अंडी, एखादी कोंबडी. टाळ-पेटीवर टिळकांची भजने होतात आणि मग त्या मालाचा लिलाव पुकारला जातो. पैसे चर्चच्या कामाला. तिथे ३० रुपयांचा भोपळा ३०० ला जातो आणि घेणारा छाती काढून घरी नेतो. बाजार समितीत असा भाव एकदा मिळावा! लिलाव पुकारायचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे. भाषणे देऊन घसा तयार झालेला आहे ना.

पुकारता पुकारता माझ्या हातात एक पितळी आले. तिच्यात चार डाळिंबे होती. दोन चांगली टपोरी, एक तडकलेले, एकावर तेल्याचे काळे डाग. मी विचारले, “हा माल कुणाचा?” कुणी बोलेना. मग मागच्या दारातून आवाज आला, “माझा. मोरीच्या पाण्यावर एक झाड राह्यलंय.”

माझा घसा बसला. भोपळ्याला मी पाच विनोद केले होते, या फळांना एकही सुचेना. कुणीतरी ५० म्हणाले, कुणी ८०. बायकांच्या बाजूने माझ्या बायकोचा आवाज आला, “पाचशे.” पुढे कुणी गेले नाही.

घरी आल्यावर तिने ते पितळी माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, “एकरभर डाळिंब लावा म्हणून भाऊजींना कुणी सांगितलं होतं?”

मीच सांगितले होते. २०१३ साली. तेव्हा जिकडे तिकडे भगव्या डाळिंबाची हवा होती. १५ बाय १० फुटांवर २९० रोपे बसतात, हे मी त्याच्या बांधावर उभा राहून वहीत काढून दिले होते. खते सांगितली, छाटणी सांगितली, ठिबक सांगितले. फक्त एक गोष्ट विचारली नाही, ती म्हणजे त्याच्या विहिरीला मार्चनंतर किती पाणी असते. जो प्रश्न मी परक्या शेतकऱ्याला पहिला विचारतो, तो घरच्या माणसाला विचारायचा राहून गेला, कारण बागेचा फोटो मला साहेबांना दाखवायचा होता. दोन बहार बरे निघाले. तिसऱ्याला तेल्या आला आणि मग दुष्काळ. म्हणजे ते बोअर माझ्याच सल्ल्याचे शेपूट होते. नारळापाशी मी गप्प का उभा राहिलो, तेही मला त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाच्या वस्तीवर गेलो. वाटेत मनात भाषण तयार केले. “दादा, ते पैसे मी सोडले,” असे म्हणायचे. मोठेपणाचे वाक्य मोटारसायकलवर दोनदा घोकूनही झाले. ओट्यावर टेकतो न टेकतो तोच दादा आत गेला आणि रुमालात बांधलेले ५ हजार घेऊन आला.

मी म्हणालो, “राहू दे दादा. मी सोडलेत ते पैसे.”

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, “मी माफी मागितली का तुला? बँकेची माफी घेतली, तिथं नाव कळत नाय कुणाचं. तुझी माफी घेऊन मी तुझ्या शेजारी कसा बसू? हप्ते पाड.”

मोठेपणाचे वाक्य तसेच परत खिशात गेले. देणाऱ्याला सोडणे सोपे वाटते, पण घेणाऱ्याला ते गिळावे लागते, हे मला कधी सुचलेच नव्हते. मी पैसे मोजून घेतले. न मोजता घेतले असते, तर त्याला आणखी लागले असते. मग दोघेही गप्प. वहिनीने चहा आणला. मी कपाकडे बघतच म्हणालो, “दादा, डाळिंबाचं माझं चुकलं. पाण्याचं विचारायला पायजे होतं.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. ढेकूळ उचलून चुरत बसला. शेवटी म्हणाला, “व्हय, चुकलं.” नाही रे, तुझे कसे चुकेल, असे काही म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. तसे तो म्हणाला नाही. मग म्हणाला, “औंदा कांदा करावा म्हणतो. इहिरीला जानेवारीपातूर पाणी हाय. किती करू?” मी म्हणालो, “अर्धा एकर. त्याच्यावर एक वाफा नको.”

हप्ते त्याने अडखळत का होईना फेडले. शेवटचे २ हजार मात्र वहिनीने कांद्याच्या दोन गोण्यांवर वळते केले, आणि त्यातल्या एकीत निम्मी चिंगळी निघाली.

दादा आता पुन्हा पुढून दुसऱ्या बाकावर बसतो. त्याचे देणे फिटले, तेव्हा मला मान वळवायचे कारण उरले नाही. पण माझ्या सल्ल्याचे जे देणे आहे, त्याला हप्ते कसे पाडायचे ते दोघांनाही माहीत नाही. त्यामुळे ती ओळ आली की हल्ली दादाच मान वळवून माझ्याकडे बघतो आणि मी पायाखालच्या फरशा मोजतो.